मागच्या खोलीची घंटा

मुलांनो, एक काम करा. तुम्ही पाचवीत आहात असं समजा. शाळेच्या मागच्या बाजूला, प्रयोगशाळेला लागून, एक लहान खोली आहे. एक बाक, एक खिडकी, भिंतीला टेकवलेला पुठ्ठ्याचा मानवी सांगाडा आणि दारावर एक स्पीकर. त्या खोलीत तुम्ही एकटेच परिसर अभ्यासाचा पेपर लिहीत बसला आहात. बाकीचा वर्ग वर, दुसऱ्या मजल्यावर आहे. त्यांना दीड तास, तुम्हाला दोन तास. कारण तुमचं डोकं इतरांसारखंच धावतं, पण हात मागे राहतो. उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार येते ना, तशी अक्षरं येतात. डॉक्टरांनी तसं लिहून दिलेलं आहे. अशा मुलांना जादा वेळ द्यायचा, असा नियमही आहे.

तुमचा नकाशा भरायचा राहिलाय. तो तुम्हाला येतो. सह्याद्री कुठे, वैतरणा कुठे, सगळं येतं. तुम्ही पेन्सिल उचलता आणि डोक्यावरचा स्पीकर कडाडतो.

कोपऱ्यात बसलेल्या बाई या शाळेत नवीन आहेत. त्या उठतात.

"चल बाळा, घंटा झाली. पेपर दे."

"बाई, ही माझी घंटा नाही. माझी अजून व्हायचीय."

बाई वाईट नाहीत, दमलेल्या आहेत. "घंटा काय तुझी-माझी असते का? घंटा म्हणजे घंटा," असं म्हणून त्या पेपर काढून घेतात. नकाशा कोराच.

त्या शुक्रवारी नाहूरच्या शाळेत निधीचं असं झालं.

ती घरी गेली नाही. म्हणजे इमारतीत आली, पण पहिल्या मजल्यावरच्या आपल्या दारापाशी फक्त दप्तर टाकलं आणि थेट तिसऱ्या मजल्यावर चढली. मागून तिची आजी, कुंदा, धापा टाकत आली. अनंतरावांनी दार उघडलं.

"आजोबा, तुमचा धोंडिराम खोटं वाजला."

अनंतरावांचं वय सदुसष्ट. मुलुंडच्या एका औषधांच्या कारखान्यात त्यांनी टाइम ऑफिसात नोकरी केली. कामगार किती वाजता आत आले, किती वाजता बाहेर गेले, भोंगा वेळेवर झाला की नाही, हे एकतीस वर्षं पाहिलं. कारखाना गेला, तिथे आता बत्तीस मजली टॉवर आहे. पण अनंतरावांचं वेळ सांभाळण्याचं काम काही सुटलं नाही, कारण 'धोंडिराम' त्यांनी लिहिला होता. धोंडिराम म्हणजे शाळेची घंटा वाजवणारा कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम. कुठला तास कधी सुरू, मधली सुट्टी कधी, शनिवारी शाळा लवकर कधी सुटायची, परीक्षेला काय, हे एकदा भरून ठेवलं की तो वेळच्या वेळी घंटा वाजवतो.

"काय झालं, नीट सांग बघू," अनंतराव म्हणाले.

"मागच्या खोलीत अकरालाच वाजली. कडाक्कन. माझ्या डोक्यावर. बाईंनी पेपर घेतला."

"त्या खोलीत अकराची घंटा वाजतच नाही. तिथे साडेअकराला..."

"वाजली! मी काय बहिरी आहे का?"

कुंदा भिंतीला हात लावून उभी होती. "भावजी, पोरगी अर्धो पेपर टाकून इली. आता सोमवारच्या गणिताक त्या खोलीत बसूचंय नाय म्हणता. वर सगळ्यांवांगडा बसतलंय, म्हणता. दीड तासात ह्येचो काय पेपर होतलो?"

"होऊ दे नाही तर नको होऊ दे," निधी म्हणाली. "मला नको तो जादा वेळ. देतात नि मधेच काढून घेतात."

अनंतरावांनी चष्मा लावला आणि कॉम्प्युटरसमोर बसले. निधी त्यांच्या खांद्यामागे उभी राहिली. न सांगता.

इथे मला तुम्हाला थोडं सांगायला हवं. काही प्रोग्रॅम असे असतात की त्यांच्या आत काय लिहिलंय ते फक्त कंपनीला ठाऊक. आणि काही असे असतात की त्यांचं पोट सगळ्यांना उघडं असतं. कुणीही वाचावं, कुणीही वापरावं, चूक दिसली तर दुरुस्ती करून पाठवावी. त्या दुरुस्तीला पॅच म्हणतात. धोंडिराम हा असा उघडा प्रोग्रॅम. तो आता तीनशे चाळीस शाळांत वाजतो. चिपळूणकडच्या शाळांत, केनियात, पोर्तुगालात. पोर्तुगालच्या एका मुख्याध्यापिकेने तर 'प्रिय धोंडिराम' अशी सुरुवात करून आभाराचं पत्र पाठवलं होतं. कोण कुठला माणूस दुरुस्ती पाठवतो, ती दुसरा कुणी ओळ न् ओळ वाचतो, खाली 'वाचलं, घेतलं' असं लिहून आपलं नाव घालतो, मग ती प्रोग्रॅमात जाते. आपली दुरुस्ती आपणच घ्यायची नाही, दुसऱ्या डोळ्यांनी पाहिलीच पाहिजे, हा धोंडिरामचा पहिला नियम. दुसरा नियम असा, की प्रत्येक ओळीचं कारण लिहायचं. काय केलं ते ओळ बघून कळतंच, का केलं ते लिहा. दोन्ही नियम अनंतरावांचे. गेली अठरा वर्षं ते लोकांच्या दुरुस्त्या वाचत होते आणि शंभरातल्या साठ 'कारण लिहा' म्हणून परत पाठवत होते.

त्यांच्या पत्नी, नलिनीताई, या सगळ्याला 'ठिगळं' म्हणायच्या. "आज किती ठिगळं लावलीत?" हा त्यांचा संध्याकाळच्या चहाबरोबरचा प्रश्न.

अनंतरावांना जागा सापडायला वेळ लागला नाही. तीन आठवड्यांपूर्वीची दुरुस्ती होती. अकरा ओळी काढून टाकलेल्या. बाजूला नीट कारण लिहिलेलं होतं, 'एकाच खोलीच्या स्पीकरला वेगळी वेळ का, याचं कारण कुठेच नाही. जुनी चूक दिसते. सगळ्या स्पीकरांना एकच वेळ केली.' पाठवणारीचं नाव, स्वरदा.

त्याच्या खाली निधीने बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

"वाचलं, घेतलं. अनंत."

"म्हणजे तुम्ही."

"हो."

"म्हणजे तुम्ही हे वाचलं होतं?"

अनंतरावांना तीन आठवड्यांपूर्वीची ती दुपार आठवली. त्या दुपारी त्रेचाळीस दुरुस्त्या वाचायच्या राहिल्या होत्या. डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. कुणीतरी 'फुकटचं आहे म्हणून काय काहीही द्याल का' असं पत्र लिहिलं होतं. स्वरदाचं नाव दिसलं आणि हायसं वाटलं. स्वरदा आठ वर्षं दुरुस्त्या पाठवते, तिचं काम कधी चुकत नाही.

"नाही," ते म्हणाले. "नाही वाचलं."

"न वाचता लिहिलंत वाचलं म्हणून?" निधी आजीकडे वळली. "आजी, बघ. आम्ही असं केलं की बाई अंगठे धरून उभं करतात."

"निध्या, गप," कुंदा म्हणाली.

"बरोबर करतात बाई," अनंतराव म्हणाले.

निधी वाट बघत होती. ते आणखी काही बोलतील म्हणून. ते बोलले नाहीत, तेव्हा ती जिना उतरून गेली. प्रत्येक पायरीवर चपला मुद्दाम आपटत.

*

संध्याकाळी पाच वाजता त्यांनी स्वरदाला फोन केला. ती अंधेरीत एका कंपनीत होती. जेवणाच्या सुट्टीत, अर्ध्या तासाच्या रिकाम्या वेळात ती धोंडिरामचं काम करायची. नाहूर आणि अंधेरी काही दूर नाही, तरी आठ वर्षांत दोघं एकदाही भेटले नव्हते.

त्यांनी सगळं सांगितलं. मग स्वरदा म्हणाली, "बापरे, काका. वाट लागली ना त्या मुलीची."

"हं."

"सॉरी. म्हणजे, मी लगेच परत टाकते त्या ओळी. पण काका, खरं सांगू? रागावू नका. त्या अकरा ओळींवर एक शब्द लिहिलेला नव्हता हो. अख्ख्या धोंडिराममध्ये तेवढीच जागा अशी. बाकी सगळीकडे तुमची कारणं. रविवार का, गुरुवार का, अमुक सुट्टी का. आणि इथे काहीच नाही. मी दोन दिवस विचार केला. मग वाटलं, कुणी तरी नवख्याने टाकलं असेल."

"मी टाकलं होतं."

"तुम्ही?"

"पहिल्याच महिन्यात. दोन हजार सहा."

"मग कारण का नाही लिहिलंत? मला तुम्ही माझा पहिला पॅच पाच वेळा परत पाठवला होतात. पाच! मी रडले होते ऑफिसच्या बाथरूममध्ये. 'ज्या ओळीचं कारण सांगता येत नाही ती ठेवायची नाही,' हे तुमचंच वाक्य आहे ना?"

"माझंच."

"मग?"

खालच्या रस्त्यावर पुलाच्या कामाचं यंत्र धडधडत होतं. अनंतरावांनी खिडकी लावून घेतली.

"त्या ओळी तू नको टाकूस," ते म्हणाले. "मी लिहितो. तू वाच."

"चालेल. पण काका, मी नुसतं वाचलं-घेतलं नाही करणार हां. आता तर अजिबात नाही."

"नकोच करूस."

फोन ठेवल्यावर नलिनीताईंनी चहा पुढे केला. आज त्यांनी ठिगळांचं विचारलं नाही. त्यांना त्या ओळी ठाऊक होत्या.

*

धोंडिराम नावाचा खरा माणूस होता. नाहूरच्या शाळेत तो शिपाई होता आणि छपराखाली टांगलेली पितळी थाळी लाकडी मोगरीने वाजवायचा. त्या वेळी त्या शाळेत अनंतरावांची मुलगी होती. अबोली. तिच्या हाताचे स्नायू अशक्त होते. दर वर्षी जरा जास्त. परीक्षेला ती मागच्या खोलीत बसायची.

पहिल्या वर्षी काय झालं, की अकराची घंटा झाली आणि अबोलीचा हात थांबला. वेळ अजून होता, पेपर सोपा होता, पण हात काही चालेना. धोंडिरामने हे दारातून पाहिलं. त्याला कुणी काही सांगितलं नाही, तो स्वतःच पुढच्या पेपराला थाळी उचलून मैदानाच्या पार टोकाला घेऊन गेला आणि तिथून वाजवली. मागच्या खोलीत ती लांबून, दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी ऐकू गेली. अर्ध्या तासाने तो खोलीत आला. घंटा नाही, काही नाही. बाकावर बोटाच्या पेरांनी दोनदा टकटक केलं. "बाय, झालो तुझो वेळ. हात झाडून घे."

सहा वर्षं त्याने असं केलं. मग तो निवृत्त झाला आणि त्याची जागा भरली गेली नाही. मुख्याध्यापकांनी अनंतरावांना विचारलं, तुम्ही भोंग्याचं काम बघता, काही करता येईल का? अनंतरावांनी पुस्तकं आणून, चुकतमाकत तो प्रोग्रॅम लिहिला. गावी निघालेल्या धोंडिरामला एके दिवशी घरी बोलावून जेवायच्या टेबलावर टकटक करायला लावलं आणि तो आवाज टेपवर घेतला. परीक्षेच्या दिवशी मागच्या खोलीत घंटा वाजायची नाही, अर्ध्या तासाने फक्त तो आवाज यायचा. अकरा ओळी.

त्या लिहिताना अबोली शेजारी खुर्चीवर बसली होती. आठवीत होती. कारणाची जागा आली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, माझं नाव नका हं टाकू. सगळ्या जगाला कशाला कळायला हवं?"

त्यांनी नाव टाकलं नाही. नाव न टाकता कारण कसं लिहायचं ते त्यांना सुचलं नाही. म्हणून जागा कोरी ठेवली. अबोलीला जाऊन आता अकरा वर्षं झाली होती.

*

शनिवारी सकाळी ते शाळेत गेले. मोठ्या बाईंना भेटून चूक आपली आहे म्हणून सांगितलं. त्या नव्या बाईंनाही भेटले. त्या बिचाऱ्या रडवेल्या झाल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, निधीला उरलेला अर्धा तास देऊ, नकाशा भरू दे. आणि सोमवारी त्या खोलीतली घंटा बंदच ठेवू, मी स्वतः तिथे बसते.

निरोप निधीच्या घरी गेला. उत्तर आलं, नको म्हणते.

"सोमवारचा प्रश्न सुटला ना पण?" नलिनीताई म्हणाल्या. "मोठ्या बाई स्वतः बसताहेत. मग कशाला डोळे फोडून घेताय?"

"या शाळेचा सुटला. बाकीच्या तीनशे एकोणचाळीस शाळांत मागच्या खोल्या आहेत, नलू. तिथे कोण कुणाला सांगणार? रविवारी दुपारी सगळीकडे नवी आवृत्ती आपोआप जाते. त्याच्या आत व्हायला हवं."

त्यांनी अकरा ओळी पुन्हा लिहिल्या. कारणाच्या जागी लिहिलं, 'पूर्वीप्रमाणे केले.' पाठवलं.

तासाभरात स्वरदाचं उत्तर. 'हे कारण नाही, काका. परत.'

त्यांनी लिहिलं, 'जादा वेळ मिळणाऱ्या विद्यार्थ्यांची सोय.'

'कसली सोय? जादा वेळ द्यायचा तर शेवटी आणखी एक घंटा वाजवली की झालं. पहिली घंटा त्या खोलीत नको, हे का? उद्या आणखी कुणी माझ्यासारखी येईल आणि काढून टाकेल. आणि ती टकटकची फाइल कशाची आहे? मी ती काढली नव्हती. का कोण जाणे, हात धजला नाही.'

अनंतराव बसून राहिले. मग उठून झाडांना पाणी घालून आले. पुन्हा बसले. अठरा वर्षं ते लोकांकडून कारणं मागत होते, बहुतेकांना आठ-दहा ओळींत ती लिहिता येत होती. दुपारपर्यंत त्यांनी चार वेळा लिहून चार वेळा पुसलं. दर वेळी दुसऱ्याच वाक्यात अबोली येत होती.

त्याच फोल्डरात त्यांनी एक पत्र लिहून ठेवलेलं होतं. 'मी आता थांबतो आहे,' असं सुरू होणारं. चार महिने ते तसंच पडून होतं.

*

रविवारी सकाळी साडेनऊला दारावर टकटक झाली. निधी एकटीच होती. केसांना तेल, हातात अर्धवट खाल्लेलं केळं.

"दुरुस्ती केलीत का बघायला आले," ती म्हणाली. "आम्हाला चुकलेलं गणित पाच वेळा लिहायला लागतं."

"मी सहा वेळा लिहिलं. पास होत नाहीये."

"कोण नाही करत?"

"स्वरदा म्हणून एक ताई आहे. तीच तपासते."

"मस्त," निधी म्हणाली आणि स्टूल ओढून बसली. त्यांना कुणीतरी नापास करतंय, हे तिला फार आवडलेलं दिसलं. तिने बोट फिरवत स्वरदाचं उत्तर वाचलं. सावकाश वाचलं, ओठ हलवत. "बरोबर विचारलंय की ताईने. का नको वाजायला?"

"तू सांग."

"मी का सांगू? तुम्ही केलंय ना ते?"

मग अनंतरावांनी तिला सांगितलं. धोंडिरामची थाळी, मैदानाचं टोक, बाकावरची टकटक. अबोलीचा थांबलेला हात. त्यांनी ते कुणालाच असं सलग सांगितलं नव्हतं. नलिनीताई स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या, त्यांचे हात थांबलेले ऐकू आले.

निधीने भिंतीवरचा अबोलीचा फोटो पाहिलेला होता. दिवाळीला फराळ द्यायला आली की समोरच असायचा. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. थोड्या वेळाने म्हणाली, "ती टकटक लावा ना."

त्यांनी लावली. दोन ठोके. मागे कुठेतरी भांडं वाजल्याचा आवाज, आणि फार लहान, एका मुलीचं हसू. टेप बंद करायला उशीर झाला होता त्या दिवशी.

"परत," निधी म्हणाली. त्यांनी परत लावली.

"मग हे लिहा ना सगळं. एवढं सोपं तर आहे."

"तिने सांगितलं होतं, माझं नाव नको."

निधीने विचार केला. केळ्याची साल खिशात घातली. "मग माझं टाका. मला चालतं. वर्गात सगळ्यांना माहीतच आहे मी कुठे बसते ते. तो यज्ञेश मला टर्टल म्हणतो. एवढं लपवायचं काय त्यात?"

"तुझ्या आईबाबांना विचारावं लागेल."

ती खाली जाऊन विचारून आली. येताना कुंदाला घेऊनच आली, पुरावा म्हणून. "टाका, टाका," कुंदा म्हणाली. "नाव काय चोरून हाडलेला आसा?"

"सांग मग. मी लिहितो," अनंतराव म्हणाले.

"मी लिहिणार."

ती खुर्चीवर बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. एक बोट, एक अक्षर. मराठी अक्षरं कुठल्या कळीवर आहेत ते तिला शोधावं लागत होतं. एक मात्रा चुकली की ती सगळा शब्द पुसायची. दहा मिनिटांनी पहिली ओळ झाली. घड्याळात पावणेअकरा झाले. बाराला नवी आवृत्ती निघायची, त्याआधी स्वरदाने वाचायला हवं होतं. एकदा अनंतरावांचा हात आपोआप कीबोर्डकडे गेला. निधीने मान वर केली. त्यांनी हात मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, लहान मुलं बसतात तसे.

साडेअकराला झालं. तिने लिहिलं होतं:

'मागच्या खोलीत पहिली घंटा वाजवू नये. ती दुसऱ्यांची असते. डोक्यावर वाजली की हात थांबतो आणि येत असलेलं पण येत नाही. लांबून वाजली तर चालते. शेवटी दोनदा टकटक करावी म्हणजे दचकायला होत नाही. या ओळी जास्तीच्या नाहीत. काढू नये. निधी, पाचवी.'

"शुद्धलेखन बघा," ती म्हणाली.

"ठीक आहे सगळं."

"वाचलंत?"

"वाचलं," अनंतराव म्हणाले. "दोनदा वाचलं."

पाठवलं. बारा मिनिटांनी उत्तर आलं. 'वाचलं. पटलं. घेतलं. स्वरदा.' आणि खाली, 'काका, फोन करू का? आत्ता नाही, संध्याकाळी. आत्ता बोलता येणार नाही मला.'

निधी खुर्चीवरून उतरली, उजवा हात झटकला. दारात जाऊन वळली. "पण उद्या मी खाली बसेनच असं नाही हां. अजून ठरवलेलं नाही."

"बरं," अनंतराव म्हणाले.

संध्याकाळी स्वरदाचा फोन आला तेव्हा त्यांनी तिला धोंडिरामच्या किल्ल्या दिल्या. म्हणजे परवलीचे शब्द, यादी, कोण कुठल्या देशातला, कुणाला कसं बोलायचं. ती नको नको म्हणाली. "चूक माझीही आहे, काका." ते म्हणाले, "तू मला दोनदा परत पाठवलंस. आता मी नसलो तरी चालेल." चार महिने पडून असलेलं ते पत्र त्यांनी सगळ्यांना पाठवून दिलं. नलिनीताईंनी विचारलं, "झालं?" ते म्हणाले, "झालं," आणि डोळ्यात औषध घालून पडून राहिले.

*

सोमवारी ते खिडकीत उभे होते. तिसऱ्या मजल्यावरून शाळेचं फाटक, प्रयोगशाळेची मागची भिंत आणि त्यापुढच्या तीन पायऱ्या दिसतात. मागच्या खोलीची खिडकी दिसत नाही. सकाळी निधी फाटकातून आत गेली तेव्हा कोपऱ्यावर कुठे वळली, वरच्या जिन्याकडे की मागे, ते पिंपळामुळे कळलं नव्हतं.

अकराला घंटा झाली. पाचवीचा वर्ग जिन्यावरून ओतल्यासारखा खाली आला. पट्ट्या, बाटल्या, आरडाओरडा. अनंतरावांनी एकेक डोकं पाहिलं. तेल लावलेल्या घट्ट दोन वेण्या बऱ्याच जणींच्या होत्या. गर्दी फाटकातून गेली. मैदान रिकामं झालं. त्यांना खात्री वाटेना.

नलिनीताई येऊन शेजारी उभ्या राहिल्या. सव्वाअकरा. पुलावरचं यंत्र थांबलं, कामगार जेवायला बसले असावेत. साडेअकरा. काही वाजलं नाही. वाजलं असतं तरी दोन ठोके इतक्या लांब ऐकू येण्यासारखे नव्हतेच.

अकरा बत्तीसला मागच्या बाजूने निधी बाहेर आली. वर पाहिलं नाही. पायरीवर दप्तर ठेवलं, शेजारी बसली. उजवा हात दोनतीनदा जोरात झाडला, बोटं एकेक करून मोडली. मग डबा काढला, झाकण मांडीवर ठेवलं आणि सावकाश, एकेक घास चावून, जेवायला लागली.